उत्तरेचं जहाज

९ जुलै २०२३, औंध

आज उदयसिंह सरांचा पुन्हा फोन आला आणि मी हो म्हणून टाकलं. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशी पर्यटकांची जहाजफेरी ते सुरू करतायत. जहाज कोणतं घ्यायचं आणि कोणत्या महिन्यात कुठे फिरवायचं, हे मी ठरवायचं. घरी बसून.

गेल्या वर्षी आप्पा पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि मी परदेशातल्या जहाज कंपनीतली नोकरी सोडून औंधला आले, तेव्हाच वाटलं होतं की आता हे काम संपलं. इथे यमाईच्या डोंगराखाली बसून कोण मला जहाजं विचारणार? आज वरच्या खोलीतलं टेबल पुसलं, लॅपटॉप मांडला.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "जहाज ते जहाज. त्यात निवडायचं काय आसतंय गं प्रांजल?"

सांगितलं त्यांना. अलास्काकडे पाठवायचं जहाज वेगळं. तिथे पोहण्याच्या तलावावर काचेचं छत लागतं, लोक गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन काचेतून बर्फ बघतात. कॅरिबियनच्या जहाजावर उघडी गच्चीच गच्ची, कारण तिथे लोक ऊन खायला येतात. दक्षिण ध्रुवाकडे जाडजूड तळाचं लागतं. कुठे बंदरात पाणी उथळ, तिथे मोठं जहाज शिरतच नाही. थंडी सुरू झाली की उत्तरेतली जहाजं खाली येतात, उन्हाळ्यात परत वर जातात.

आप्पा म्हणाले, "म्हंजे फौजेगत. सियाचीनची पलटण न्यारी, जैसलमेरची न्यारी."

तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला एका वाक्यात कळलं. मला आमच्या जुन्या ऑफिसात दोन वर्षं लागली होती.


२६ जुलै

विकाऊ जहाजं तीन आहेत. पहिलं फार मोठं. लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही, माणसं छोट्या बोटींतून किनाऱ्यावर न्यावी लागतात. दोन-अडीच हजार माणसं उतरवेपर्यंत परत चढवायची वेळ होईल. ते बाद.

दुसरं बुटकं, जुनं, दिसायला अगदीच साधं. पण भूमध्य समुद्रातले कडक उन्हाळे काढलेलं. मध्ये काही वर्षं आखातातही होतं. हवा खेळती राहील अशी बांधणी.

तिसरं नॉर्वेच्या बाजूला चालणारं. देखणं. पुढच्या बाजूला दोन मजली काच, तलावावर सरकतं काचेचं छत. फोटो बघूनच माणूस तिकीट काढेल.

माझं मत दुसरं.


४ ऑगस्ट

तिसरं ठरलं.

सरांशी तासभर बोलले. म्हटलं, जहाजाला गार ठेवणारी यंत्रं समुद्राचंच पाणी आत घेतात आणि आतली उष्णता त्यात सोडतात. उत्तरेचं पाणी उन्हाळ्यातही विहिरीच्या तळासारखं गार. आपल्याकडचं मे महिन्यात आंघोळीला चालेल असं कोमट. हे जहाज उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून बांधलंय, आपल्याला ती बाहेर घालवायची आहे.

सर म्हणाले, "प्रांजल, तुमचं जुनं जहाज बघून लोक म्हणतील, रत्नागिरीची बोट परत सुरू झाली का? मला लोकांच्या तोंडाचा आ व्हायला हवाय."

मग मी अट घातली. डिसेंबर ते फेब्रुवारी चालवायचं, मार्चपासून जहाज थंड प्रदेशातल्या कंपनीला भाड्याने द्यायचं. लगेच मान्य केलं त्यांनी. खरं तर हा मार्ग वाईट नाही. जगभर असंच करतात.


२२ सप्टेंबर

दीपमाला आली होती. पलूसहून, आईकडे गौरीला. तिच्या आईचं, बनुबाईंचं, घर आमच्या मागच्याच आळीत. लहानपणी आम्ही दोघी तळ्यावर धुणं घेऊन जायचो, ती तिचं धुऊन झालं की माझंही आपटून द्यायची.

नवऱ्याने विट्याला दुसरं घर केलं त्याला आता सात-आठ वर्षं झाली. पलूसला हिचं इस्त्रीचं दुकान आहे, बरं चालतं. त्याआधी कराडच्या हॉटेलात धुलाईखातं सांभाळायची. जहाजाचं ऐकलं आणि डोळे मोठे केले तिने.

"तिथं कापडं कोण धुतंय?"

"माणसं लागतातच की. हजार चादरी असतात रोज."

"मग मला घे."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "पलूसात मी कोण हाय? टाकलेली बाई. रोज रस्त्याव तीच तोंडं बघायची. एकदा लांब जाऊन येते. समुद्र बघितलाय का मी कवा?"

बनुबाईंना धास्ती. "आवं, कोंदटल्यागत व्हतंय म्हनं बोटीच्या पोटात." मी म्हटलं, "मावशी, थंड देशातलं जहाज आहे. सगळं एसी. उकाड्याची काळजीच नको."

सरांना फोन केला. एका शब्दावर काम झालं. फार बरं वाटलं आज. आपल्या हातात कुणाचं काही चांगलं करायची ताकद आली की कसं वाटतं, हे विसरले होते.


२८ नोव्हेंबर, मुंबई

जहाज आलं. पहाटे धुक्यातून आत येताना पांढरंशुभ्र, पुढच्या काचेवर सगळा पूर्वेचा प्रकाश. नाव ठेवलंय सिंधुजा. मी इतकी वर्षं जहाजं इकडून तिकडे पाठवली, पण सगळी पडद्यावर. धक्क्यावर उभी राहून वाट पाहिलेलं हे पहिलंच.

दीपमालाला गणवेश फार शोभतो. सारखी कॉलर नीट करत होती. मला म्हणाली, "आगं, ह्यांची इस्त्री बघ. कच्ची हाय. मी आल्याव बघ आता."


२४ डिसेंबर

जहाज भरून चाललंय. लोक काचेशी बसून सूर्यास्त बघतात, कुणी उठत नाही. सर मला चार लोकांसमोर म्हणाले की निवड प्रांजलची.

मी दुरुस्ती केली नाही.

दीपमालाचा निरोप आला, मोबाईलवर बोलून पाठवते ती. "डॉल्फिन बघितलं गं! म्हशीच्या रेडकावानी उड्या मारत्यात. मला सगळी दीपाताई म्हंत्यात. हाताखाली गोव्याच्या दोन पोरी हायत. लय झ्याक चाललंय." बनुबाईंना ऐकवला. त्यांनी तीनदा ऐकला.


१९ जानेवारी २०२४

सरांचा विचार आहे की फेऱ्या मे अखेरपर्यंत चालवाव्या. शाळांच्या सुट्ट्या, हाच खरा हंगाम. भाड्याने घेणाऱ्या कंपनीशी अजून पक्कं झालेलं नाही. मीटिंगमध्ये आठ-दहा जण होते. सगळे बोलून झाल्यावर सरांनी विचारलं, "प्रांजल, तुमचं काय मत? चालेल ना?"

ते इतके खूश होते. सगळेच. डिसेंबरमध्ये काहीही अडचण आली नव्हती. माझ्यासमोर उत्तर होतं आणि ते मला पाठ होतं. पण वाटलं, आता नको म्हटलं तर मी पुन्हा औंधच्या वरच्या खोलीत बसून कुरकुर करणारी बाई होईन.

म्हटलं, "काळजी घेतली तर चालेल."

पुढच्या हंगामासाठी आणखी दोन जहाजं बघायची आहेत, तो सगळा विभाग माझ्याकडे देणार असं सर म्हणाले. आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "झकास." तरी जेवताना भाकरी गोड लागली नाही. दमले असेन.


१४ मार्च

मुख्य इंजिनिअरचा फोन. पाणी तापायला लागलंय, गार करणारी यंत्रं पूर्ण जोरात चालवूनही पुरी पडत नाहीत. गारवा वाटून द्यावा लागेल. कुठे पूर्ण द्यायचा, कुठे कमी करायचा?

हा निर्णय अवघड नसतो. म्हटलं, पाहुण्यांचे मजले आधी. त्यात तडजोड नको. खालच्या मजल्यांवर पंखे वाढवा.

संध्याकाळी आकडे आले. पाहुण्यांच्या सगळ्या खोल्या चोवीस अंशांवर. एकही तक्रार नाही. सुटले. उगाच जानेवारीत इतकी घाबरले होते.


२ एप्रिल

दीपमालाचा निरोप. "आमच्या खोलीत कापडं नुसती टांगली तरी वाळत्यात गं, ड्रायर-बियर काय नको." ऐकून हसू आलं. हिला सगळ्यात गंमत दिसते.

आणखी सांगत होती की पोरी उशा घेऊन वर मागच्या डेकवर झोपायला जातात, तिथे काय चांदण्या दिसतात म्हणून सांगू. पलूसात इस्त्रीसमोर उभी राहणारी दीपा समुद्रावर चांदण्या बघत झोपते. मी तिच्यासाठी काहीतरी केलं खरं.


१३ एप्रिल

तिने विचारलं, "ह्या महिन्यात उतरू का गं? की मे संपस्तवर थांबू?"

कंटाळली असणार. चार-पाच महिन्यांनी सगळ्यांनाच घराची ओढ लागते, मी खूप पाहिलंय. समजावलं की आता उतरलीस तर पुढच्या हंगामात पुन्हा खालून सुरुवात. मे संपेपर्यंत थांबलीस तर धुलाईखात्याची प्रमुख तूच होशील.

म्हणाली, "बरं. तू म्हंतीस तर थांबते."


३० एप्रिल

आज तिचा लांबच लांब निरोप, पण बोलणं जरा संथ. जेवण फारसं जात नाही, बारीक झालेय, बांगड्या कोपरापर्यंत चढतात म्हणाली. मीठ-साखरेचं पाणी पिते. कामात इतकी असते की बाथरूमला जायची आठवणच राहत नाही दिवसभर, "आनि गरज बी पडत न्हाई." मी उत्तर पाठवलं की बारीक होण्याचा उपाय मलाही कळव.

आप्पा शेजारी बसून ऐकत होते. "आवाज खोल गेलाय गं हिचा," म्हणाले.

मी म्हटलं, "समुद्रात रेंज नसते, आप्पा."


१६ मे

दीपमाला धुलाईघरात पडली. काल दुपारी. कपड्यांच्या ढिगावर पडली म्हणून डोक्याला मार नाही, पण शुद्ध नाही. अंग भाजल्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नव्हता. जहाजाच्या डॉक्टरांनी बर्फात ठेवलं. आज सकाळी कोचीला उतरवून हॉस्पिटलात नेलं. गोव्याच्या दोन पोरींनाही त्रास झाला, त्या बसत्या-बोलत्या आहेत.

इंजिनिअरला विचारलं, धुलाईघरात किती तापमान होतं?

तो म्हणाला, "मॅडम, तिथं आम्ही मोजत नाही. तुमच्याकडं जातात ते आकडे वरच्या मजल्यांचे."


१७ मे

पुण्याहून विमान. बनुबाई पहिल्यांदाच विमानात बसल्या. खिडकीकडे बघितलंही नाही. पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. ढगांच्या वर आल्यावर एकदम म्हणाल्या, "थंड देशातलं जहाज हाय म्हनाली व्हतीस न्हवं तू?"

मी म्हटलं, "हो, मावशी."

"मग आसं कसं झालं?"

काहीतरी सांगितलं मी. यंत्र, पाणी, असं. त्या मान हलवत राहिल्या. त्यांना कळलं नाही, आणि मी कळेल असं सांगितलंही नाही.


२१ मे, कोची

शुद्धीवर आली. मला ओळखलं. ओठ इतके फुटलेत की हसताना रक्त आलं. मूत्रपिंडं बंद पडली आहेत, डायलिसिस चालू आहे. परत सुरू होतील, पण किती, ते डॉक्टर सांगत नाहीत. एवढंच म्हणाले की ही एका दिवसाची उष्णता नाही. कित्येक आठवडे शरीर आत वाळत गेलंय.

हॉस्पिटलबाहेर झाडाखाली बसून तिचे सगळे जुने निरोप एकामागून एक ऐकले. वाळणारे कपडे. डेकवरची झोप. बांगड्या. काही लपवलं नव्हतं तिने. सगळं सांगत होती मला, आणि मी हसत होते.

कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. तिला आधीपासून काही आजार होता का, हे तुम्ही गावच्या म्हणून विचारतोय. मी नाही म्हटलं. एवढंच.


११ जून, औंध

दीपमालाला सांगलीच्या हॉस्पिटलात हलवलंय. जहाज पावसाळ्यासाठी गोदीत गेलंय.

आज मुंबईला जाऊन सरांसमोर बसले. मनात सगळं जमवून गेले होते. म्हटलं, हे जहाज मार्चनंतर आपल्या समुद्रात चालवायचं नाही. खालच्या मजल्यांची हवा वेगळी करा, नाहीतर तिथे माणसं ठेवू नका. माणसं काम करतात त्या प्रत्येक जागेचं तापमान मोजा. हे होणार नसेल तर मी जाते आणि का गेले ते सगळीकडे सांगते.

वाटलं होतं, चिडतील. त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "होईल. सगळं होईल. दीपमालाचं उपचाराचं सगळं आपण बघतोय." आणि मग, न रागावता, "प्रांजल, जानेवारीत मी तुम्हाला विचारलं होतं. दहा जणांसमोर विचारलं होतं. तुम्ही तेव्हा नको म्हणाला असतात तर मी थांबलो असतो. मला त्यातलं काय कळतंय? म्हणून तर तुम्हाला घेतलं."

सबंध प्रवासात मी याचाच विचार करत आले. स्वतःची मान सोडवण्यासाठी म्हणत असतील. खरोखर थांबले नसतेच. पण खरंच थांबले असते तर? हे आता मला कधीच कळणार नाही. मी नको म्हणून पाहिलंच नाही.

त्यांनी सगळं मान्य केलं तरी नोकरी सोडली. सरांनी कारण विचारलं नाही.


१ ऑगस्ट

घरी बसून आहे. आप्पा काठी घेऊन अंगणात फिरतात. आज त्यांना सांगितलं, सगळं, मार्चच्या फोनसकट. त्यांनी ऐकून घेतलं. "जा तिच्याकडं," म्हणाले. "लय दिस झालं, न्हाई?"

झालेच आहेत. ती सांगलीत असताना दोनदा गेले, पण दोन्ही वेळा बनुबाई होत्या म्हणून काही बोलता आलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.


१८ ऑगस्ट

पुसेसावळी, कडेगाव करत पलूसला गेले. पाऊस थांबला होता, दोन्ही बाजूला ऊस उभा.

दुकानाची पाटी बदललीय. मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्स. डॉक्टरांनी उष्णतेजवळ जायचं नाही म्हणून बजावलंय. इस्त्री नाही, चूल नाही, दुपारचं ऊनसुद्धा नाही. मूत्रपिंडं निम्म्यावर आलीत, डायलिसिस सुटलं, पण पाणी मोजून, मीठ मोजून. इस्त्रीचं टेबल भिंतीला उभं करून ठेवलं होतं. तिची बोटं सारखी ओढणीची घडी करत होती, दाबत होती, उलगडत होती.

चहा तिने केला नाही, समोरच्या टपरीवरून मागवला. मी कप हातात धरून बोलून टाकलं. दीपा, खालचा गारवा कमी करायला मीच सांगितलं होतं. मार्चमध्ये. इंजिनिअरने मला विचारलं होतं आणि मी वरच्या लोकांना द्या म्हटलं. तू खाली आहेस हे त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"कधी कळलं?"

"तवाच. पंखं बसवायला आली व्हती इंजिनातली मानसं. म्हनाली, तुमच्या गावच्या म्याडमचीच ऑर्डर हाय."

मी कप खाली ठेवला. "मग मला बोलली का नाहीस? एक फोन करायचास. एका शब्दाने..."

ती दुकानाबाहेर बघत होती. एक बाई झेरॉक्ससाठी कागद घेऊन उभी होती, तिला हाताने थांब म्हटलं.

"म्हटलं, प्रांजलनं सांगितलंय म्हंजे कायतरी इचार करूनच सांगितलं आसंल. तिला त्यातलं कळतंय. आमाला काय कळतंय?" मग म्हणाली, "एप्रिलात इचारलं की तुला. उतरू का म्हनून."

मी रडले. ती रडली नाही. उठून त्या बाईचे कागद घेतले, यंत्रावर ठेवले, झाकण लावलं. एक-एक प्रत नीट जुळवून, कडा ठोकून तिच्या हातात दिली. मग आणखी एक गिऱ्हाईक आलं. मी बाकावर बसून राहिले. चहा तसाच निवला. पुढे ती माझ्याशी नीटच बोलली. आप्पांची चौकशी केली, रस्ता खराब आहे का विचारलं.

मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली. पायरीच्या आतच थांबली, बाहेर ऊन पडलं होतं.

"आप्पांना इचारलं म्हनून सांगा," ती म्हणाली. "आन् तुमी जपून जावा."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला तुमी म्हटलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी पायरी चढून परत आत गेले असते.